गालफुग्याची मान

गाल

"हनीफभाई, तुमचा गालफुग्या चालला."

डोंगरातल्या वाडीवरून बाजाराला आलेला भिका दुकानाच्या पायरीवर टेकला आणि पिशवीतली बाटली काढून आधी पाणी प्याला. महंमद हनीफच्या मांडीवर मोटारसायकलचं सीट होतं. दोरा दातांत धरून तो दोन्ही हातांनी रेक्झिन ओढत होता, त्यामुळे "कुठं?" हे त्याला जरा उशिरा विचारता आलं.

"जाळनार त्येला. सरकारचा हुकूम आलाय म्हनं. बंगल्यातली शिंगं, कातडी, मुंडकी, ज्येची कागदं न्हाईत ते समदं डेपोवर न्यायाचं आन सायबाम्होरं राकेल वतायचं. बेस्तरवारी गाडी येनार."

"त्यानं काय केलंय?"

"त्यो काय करनार? सायेब व्हता तवापासनं दाढ दुखतीया बिचाऱ्याची."

दोघेही हसले. हनीफ मात्र लवकर थांबला.

गालफुग्या म्हणजे बिबट्याचं मुंडकं. डिंभे धरणाच्या पुढे डोंगरात जंगलखात्याचा जुना बंगला आहे, तिथे शेकोटीच्या वर भिंतीला ते टांगलेलं होतं. इंग्रजांच्या काळात एका गोऱ्या साहेबाने माणसांकडून रान उठवून, हाका घालून तो बिबट्या मारला आणि मुंडक्याचं कातडं भरायला जुन्नरला इमामभाईंकडे पाठवलं. इमामभाई हे हनीफचे वडील. धंदा खोगिरांचा. जिवंत बिबट्या त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चामडं, दाभण, मेणवलेला दोरा सगळं हाताशी होतं म्हणून साहेबाने विचारलं, आणि साहेबाला नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून त्यांनी घेतलं.

खोगीर भरायचं तर ठासून. वर माणूस बसला की दबता कामा नये. इमामभाईंनी बिबट्याही तसाच भरला. काथ्या आणि पेंढा असा कोंबला की डरकाळी फोडणाऱ्या जनावराचे गाल टरारून वर आले आणि ते दाढदुखीने कळवळल्यासारखं दिसायला लागलं. साहेब म्हणे त्याच्याभोवती हात मागे बांधून फिरला, लाल झाला, आणि ओरडणार इतक्यात मेमसाहेब जी हसत सुटली ती खुर्चीत बसली. मग साहेबालाही हसावं लागलं. मुंडकं भिंतीवर चढलं. नाव हाकेकऱ्यांनी ठेवलं.

कान

"मी व्हतो त्या हाक्यात," भिका म्हणाला. हे तो दर बाजाराला सांगायचा आणि हनीफ दर बाजाराला ऐकायचा. "मिसरूडबी फुटलं नव्हतं. डफडी, राकेलाचे डबे, थाळ्या, ज्येच्या हाताला जे गावलं ते. वरल्या कड्यापासनं सुटलो. आरडत, शिव्या देत. तेवढाच दिस असा, का सायबाच्या म्होरं पायजे तितक्या शिव्या द्यायच्या आन सायेब वर शाबास म्हननार! मी डबा वाजवीत व्हतो आन माझेच कान बधिर झालं. बंदूक कवा उडाली कळलंच न्हाई मला. लोकं थांबली म्हून मी थांबलो."

"आणि मग?"

"मग काय. जाळीत पडलं व्हतं. लई न्हानं वाटलं, हनीफभाई. एवढ्या लोकांनी एवढा कालवा केला, आन मांजरावानी पडल्यालं." त्याने बाटलीला बूच लावलं. "तवा एका वाघरापायी सात गावं उठायची. आता त्येच येतंय गावात, हाक्याबिगर."

ते खरं होतं. त्या दोन-तीन वर्षांत येडगावपासून निरगुडसरपर्यंत उसाउसात बिबटे होते. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी बिबट्याचं बोलायचं, मग सीटचं.

"भिका, ते खाली कोण उतरवणार?"

"हौशीराम. गार्ड हाय आमचा. का वो?"

"गाडी यायच्या आधी मी येतो म्हणावं," हनीफ म्हणाला. त्याने सीट पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

जीभ

जीभ खोगिराच्या चामड्याची होती. तिला लाखेचा तांबडा रंग रहिमाबीने दिला. रहिमाबी हनीफची आई.

तिचा फोटो नव्हता. त्या काळी त्यांच्यासारख्यांच्या घरात कोण फोटो काढतंय? कबर कच्ची होती. पुढे कब्रस्तानाला भिंत घातली, माती सारखी केली, तेव्हा ती नेमकी कुठली हे सांगणारं कोणी उरलं नाही. आवाज आठवायला जावं तर हनीफला बहिणीचाच आवाज आठवायचा. आईचं असं एकच चित्र त्याच्याकडे होतं: अंगणात ऊन, ती पाय पसरून बसलेली आणि मांडीवर पालथं घातलेलं ते मुंडकं. पोराच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तशी ती वाकून मानेमागची शिवण घालतेय.

ही शेवटची शिवण तिलाच घालावी लागली. मानेमागे आत बोट घालून टाका ओढायचा होता आणि इमामभाईंची बोटं जाडजूड. गाठ मारायच्या आधी तिने जनावराच्या कानाशी तोंड नेलं.

"क्या बोली, अम्मा?" छोट्या हनीफने विचारलं होतं.

"माफी मांगी. मारा नई हमने, पर आखरी हाथ हमारा है ना."

ती डावखुरी होती. तिचे टाके उलट्या बाजूला कललेले पडायचे. इमामभाईंनी चेष्टा केली, की भिंतीकडची बाजू म्हणून चालतंय, खोगिराला असली शिवण घातली असतीस तर घोड्यानेच पाडलं असतं. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. हनीफही डावखुरा होता. तो कामाला बसायला लागला तेव्हा इमामभाईंनी त्याचा डावा हात दोऱ्याने फळीला बांधला. गिऱ्हाईक उलटी शिवण घेत नाही, एवढंच म्हणाले. काही महिन्यांनी बांधावं लागलं नाही.

मग घोडे गेले, साहेब गेले. सायकलींची सीटं आली, जीपची आली, स्कूटरची आली. सगळी हनीफने उजव्या हाताने शिवली.

बंगल्यावरच्या खुर्च्यांच्या गाद्या भरायला तो एकदोनदा गेला होता. खाली काम करताना वर बघायचा. गालफुग्या समोरून सगळ्यांना दिसायचा. आईची शिवण भिंतीकडे होती. ते फक्त भिकाला ठाऊक होतं.

रस्ता

"अब्बा, तिथनं काही आणायचं नाय हां."

"नाय."

"नख, दात, केस, काही म्हणजे काही नाय. परवा एकाला वाघनखाच्या लॉकेटवरनं उचललंय."

"बरं."

"बरं नाय. कसम खा."

"गाडी चालव."

अनस गाडी चालवत होता. दुकान आता त्याच्याच नावावर होतं आणि दोन दिवस तो एकच विचारत होता, की त्या सडक्या मुंडक्यात आहे काय. हनीफला सांगता आलं नव्हतं. आईचे टाके बघायचेत, हे वाक्य त्याने मनात तयार केलं होतं. पण नातवंडं असलेल्या माणसाच्या तोंडात ते बसेना. घोडेगावच्या अलीकडे उसाच्या बांधावर एक पिंजरा लावलेला होता. मागच्या खणात बांधलेलं बकरं आरामात पाला चघळत होतं. अनसने गाडीचा वेग वाढवला.

मिशा

मिशा आधीच कोणीतरी उपटून नेल्या होत्या.

मान

बंगल्याच्या दिवाणखान्यात हौशीराम शिंगं पोत्यात भरत होता. तिशीचा गडी, खाकी शर्टाची बटणं उघडी. भिकाने ओळख करून दिली. अनस मात्र दाराबाहेरच थांबला.

"चाचा, आधीच सांगतो," हौशीराम म्हणाला, "द्यायला येत न्हाई. केसबी न्हाई. माझी नोकरी जाईल."

"द्या म्हणत नाय मी. फक्त उतरवा आणि उलटं करा."

"उलटं? तिकडं काय हाय?"

हनीफने वर पाहिलं. गालफुग्याचा एक काचेचा डोळा गळून पडला होता, गालांवर बुरशी चढली होती, लाख उडून जीभ काळी पडली होती. दाढदुखी तशीच. 

"त्यांची आय हाय तिकडं," भिका म्हणाला.

हौशीरामने आधी भिकाकडे पाहिलं, थट्टा आहे का म्हणून. मग हनीफकडे. शर्टाची बटणं लावली आणि शिडी आणायला गेला.

खिळा गंजला होता. मुंडकं उतरलं ते धूळ आणि भुसा सांडत. हौशीरामने ते टेबलावर ठेवलं आणि हलकेच पालथं केलं.

भिंतीच्या ओलीने मागची बाजू खाऊन टाकली होती. कसरीने केस नेले होते. कातडं पापुद्र्यासारखं सुटत होतं. हनीफने बोट लावलं तिथे त्याचा चुरा झाला. आतून काथ्या बाहेर आला होता. पण मधोमध, माथ्यापासून मुंडकं ठोकलेल्या फळीपर्यंत, मेणवलेला दोरा जसाच्या तसा होता. दोन्ही बाजूंचं कातडं नाहीसं झालं तरी त्याची दोन बोटं रुंदीची पट्टी दोऱ्याने धरून ठेवली होती. टाक्याला टाका लागून. सगळे उलट्या बाजूला कललेले.

हनीफने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोट फिरवलं. वरून खाली. एके ठिकाणी टाके जरा दूर दूर पडले होते. तिथे तिला कोणी हाक मारली असेल, पोर रडलं असेल. कदाचित तोच.

"चाचा," हौशीराम हळू आवाजात म्हणाला, "कातड्याला कायदा हाय. दोऱ्याला न्हाई. काढून घ्या की. मी काय बघितलं न्हाई." आणि खिशातला चाकू काढून त्याने टेबलावर ठेवला.

मागून अनस म्हणाला, "घ्या, अब्बा." तो कधी आत आला होता ते कोणाला कळलं नव्हतं.

हनीफने चाकू हातात घेतला. गाठ शोधली. गाठ बारीक, घट्ट, कानाच्या मागे होती. तिच्यावर त्याने अंगठा ठेवला. दोरा ओढला असता तर वीतभर मेणकट सुतळी हातात आली असती. तसल्या दोऱ्याची रिळं दुकानात पडून होती.

त्याने चाकू मिटून हौशीरामला परत दिला.

"राहू दे. शिवलेलंच जाऊ दे."

मग तो वाकला. गालफुग्याचा अर्धा कान झडला होता, अर्धा शाबूत होता. त्याच्याशी तोंड नेऊन तो काहीतरी बोलला. भिकाने डोक्यावरची टोपी काढली. हौशीरामने रिकामं पोतं उचललं होतं ते खाली ठेवलं आणि आतल्या खोलीतून एक धुतलेली चादर आणली.

परतीच्या वाटेवर डिंभ्याचं पाणी लांबपर्यंत दिसत राहिलं.

"कानात काय बोललात?" अनसने विचारलं.

"गाडी चालव."

हात

गुरुवारी दुपारी दुकानात ट्रॅक्टरचं सीट आलं होतं. मालक पायरीवर बसून सांगत होता, की काल पाणी द्यायला गेलो तर बांधावर हे एवढं धूड बसलेलं, माझ्याकडं असं बघतंय जसं काय मीच त्याच्या रानात शिरलोय. अनस हूं हूं करत होता. डेपो कुठे, जुन्नर कुठे; तरी त्याने एकदा बाहेर डोकावून आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, कुठे धूर नव्हता.

हनीफने वरची शिवण नेहमीसारखी संपवली. सीट पालथं घातलं. दाभण ओवलं आणि उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं.

डाव्या हाताला काही येत नव्हतं. पहिलाच टाका भलतीकडे गेला. दुसऱ्याला दाभण उजव्या अंगठ्यात घुसलं. त्याने अंगठा चोखला आणि तिसरा घातला. मालक वाकून बघायला लागला.

"चाचा, ही शिवण अशी वाकडी का वो?"

हनीफने मान वर केली नाही. उत्तर अनसने दिलं.

"खालची बाजू हाय, पावणं. दिसत नाय ती."

संध्याकाळी अनस ते सीट ट्रॅक्टरला बसवायला बाहेर घेऊन गेला. बोल्ट घालायच्या आधी त्याने ते उलटं केलं आणि त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला, वरून खाली. मग सीट सरळ केलं आणि पाना मागितला.