दाब, धर, सोड

"धरा बंडूजी. धरूनच ठेवा."

"धरलं न बाप्पा."

अण्णाजी गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी पोत्यावर आडवे झाले होते. त्यांनी पाना अर्धा आटा फिरवला. चाकाला लावलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल बाटलीत उतरू लागलं, आणि त्यासोबत बारीक बुडबुडेही. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी रामराम घातला. स्टीअरिंगमागं बसलेल्या बंडूजींनी उत्तर द्यायला खिडकीतून मान बाहेर काढली आणि त्यांचा पाय ब्रेकच्या पॅडलवरून उचलला गेला. नळीतलं तेल सरकन उलटं वर गेलं. काढलेली हवा पुन्हा आत.

"सोडलं काऊन?"

"तानबा होता न तो. त्याले रामराम नाई घातला त गावभर सांगन, बंडूले गाडीत बसल्यावर मस्ती आली म्हणून."

शेजारी आपणहून मदतीला आलेला, त्याला बोलायचं कोणत्या तोंडानं? अण्णाजींनी पान्यानं बोल्ट आवळला आणि ते आभाळाकडे पाहत पडून राहिले.

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं आत बसून पॅडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बोल्ट सैल करून हवा काढायची, बोल्ट आवळायचा, आणि मगच पहिल्यानं पाय उचलायचा. दाब, धर, सोड. इतकी वर्षं आत बसायचं काम अण्णाजींच्या पत्नीचं, विमलाबाईंचं होतं. पदर खोचून त्या बसत. अण्णाजींचा आवाज चाकाखालून कसाही आला तरी त्यांना कळे, आणि 'सोड' म्हटल्याशिवाय त्यांचा पाय हलत नसे. शेजारणीनं हाक मारली तरी नाही.

आज त्या स्वयंपाकघरात होत्या. गेला महिनाभर त्यांनी गाडीला हातही लावला नव्हता.

अण्णाजी आर्वीच्या वाचनालयात आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी बसले. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे. म्हणून तर ते गाडी घरी दुरुस्त करायला शिकले. मिस्त्रीकडे जायचं, चार लोकांत गाडीचं दुखणं सांगायचं, त्यानं काही विचारलं की आपण बावळटासारखं पाहत राहायचं, त्यापेक्षा अंगणात पोतं अंथरलेलं बरं. मुलानं, धनंजयनं, पुण्याला जाताना ही जुनी मारुती त्यांच्या हवाली केली, तेव्हापासून ती त्यांच्या चुकांवर जगत होती. एकदा त्यांनी हॉर्न असा काही जोडला की गाडी डावीकडे वळली की आपोआप वाजे. एकदा वर्ध्यापर्यंत इंजिन खडखड करत गेलं. अण्णाजींना वाटलं, झालं, संपलं सगळं. बॉनेट उघडलं तर त्यांचाच हरवलेला पाना आत नाचत होता. त्या दिवशी विमलाबाई हसून हसून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. प्रत्येक चुकीनंतर अण्णाजी म्हणत, आपल्याला हे जमत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं अंथरत.

पण ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

गाडीतल्या डब्यातलं ब्रेक ऑइल कमी झालं होतं. अण्णाजी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं गर्दीतून विचारलं, कोणतं देऊ? त्यात प्रकार असतात हेच अण्णाजींना माहीत नव्हतं. सगळे आपल्याकडेच पाहताहेत असं त्यांना वाटलं आणि मग येतो म्हणून ते परतले. घरी फळीवर जवसाच्या तेलाची बाटली होती. वडील जन्मभर बैलबंडीच्या कण्याला तेच तेल घालत. बैल म्हातारे झाले, बंडी मोडकळीस आली, पण चाक कधी अडलं नाही. चाकाचं तेल ते चाकाचं तेल, असं मनाशी म्हणून अण्णाजींनी ते डब्यात ओतलं. थोडंसंच.

काही दिवस गाडी चालली. मग विमलाबाईंच्या मोठ्या बहिणीकडे, रोहण्याला जिजाकडे निघाले असताना ब्रेक दाबलेलेच राहू लागले. आतली रबरं त्या तेलानं फुगली होती. चाकांतून करपल्याचा वास आला. अण्णाजींनी गाडी झाडाखाली उभी केली, थंड होऊ दिली. चाकं मोकळी झाली तसे ते पुन्हा निघाले, पण फुगलेली रबरं आतल्या आत फाटली होती. तिथंच थांबायला हवं होतं. पुढं उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला, त्यांनी ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला जाऊन टेकलं. त्यांनी गाडी सोयाबीनमध्ये घातली. शेळी एकही मेली नाही. विमलाबाईंचा हात पुढं आपटला, मनगट सुजलं, बांगड्या वाढल्या. त्या ओरडल्या नाहीत. शेतात अनवाणी माणसं फिरतात म्हणून काचेचे तुकडे वेचून त्यांनी पदराच्या टोकाला बांधले आणि मग एवढंच विचारलं, की काय टाकलं होतं?

अण्णाजींनी सांगितलं.

त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. भांडल्याही नाहीत. मनगट शेकत, भाकरी थापत, नेहमीसारख्याच बोलत राहिल्या. धनंजय फोनवर म्हणाला, बाबा, भंगारात काढा ती. अण्णाजींनाही ते पटलं. पण भंगारात काढली तर शेवटची गोष्ट ती सोयाबीनमधलीच राहिली असती. म्हणून ते पुन्हा दुकानात गेले, गर्दीत उभे राहिले आणि आपण जवसाचं तेल टाकलं हे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगून टाकलं. दुकान हसलं. दुकानदारही हसला, आणि मग प्रत्येक चाकाची नवी रबरं, मुख्य सिलिंडरची रबरं, नळ्या धुवायची रीत, सगळं समजावून दिलं. अण्णाजींनी कानामागं पेन्सिल असूनही काही लिहून घेतलं नाही. समजलं नाही तिथं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं.

आता सगळं बसवून झालं होतं. राहिली होती हवा, आणि बंडूजी.

"दाबा," अण्णाजी म्हणाले.

"दाबलं. अजी अण्णाजी, गावातले लोकं म्हणून राह्यले, तुमची गाडी मिरचीच्या ठेच्यावर पळते आन् जवसाच्या चटणीवर थांबते."

आणि हसता हसता बंडूजींचा पाय पुन्हा उचलला गेला.

स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजली. विमलाबाई पीठ लागलेले हात पुसत आल्या.

"उठा भाऊजी. घरचे वाट पाहून राह्यले तुमची."

बंडूजी निमूट उतरले. विमलाबाईंनी पदर खोचला, आत बसल्या.

"पायानं दाबून देतो," समोरच्या काचेतून पाहत त्या म्हणाल्या. "पण बसनार नाई मी तुमच्यासंग. उद्या जिजाकडं यष्टीनं जातो."

"बरं," अण्णाजी चाकाखालून म्हणाले.

मग अंगणात तीनच शब्द राहिले. दाब. धर. सोड. एकेक करत चारही चाकं झाली. शेवटी नळीतून नुसतं पिवळसर, स्वच्छ तेल येऊ लागलं, बुडबुडा एकही नाही. विमलाबाई उतरल्या आणि पोळ्या करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आर्वीच्या डेपोवर गेल्या. बस निघाली. थोडं अंतर ठेवून मागं अण्णाजींची मारुती निघाली. आपण हे का करतोय हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. बस फाट्यावर थांबली की तेही थांबत. घंटी वाजून बस हलली की तेही निघत. बसच्या मागच्या सीटवरून एक पोर त्यांना हात दाखवत होतं. मारुतीत शेजारची सीट रिकामी होती. प्रत्येक थांब्याला पॅडल अर्ध्यावर घट्ट लागे, आणि तरी अण्णाजी प्रत्येक वेळी ते दोनदा दाबून पाहत.

अर्ध्या वाटेत एका फाट्यावर बस गेली आणि धूळ खाली बसली, तेव्हा रस्त्याच्या कडेला विमलाबाई उभ्या होत्या. अण्णाजींनी गाडी त्यांच्यासमोर हळूच उभी केली.

"कंडक्टर विचारून राह्यला होता," दार उघडत त्या म्हणाल्या, "का मागं येणारा माणूस कोण हाय म्हणून. मी काय सांगू त्याले?"

त्या बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. हातात नव्या बांगड्या होत्या, मनगट अजून जरा जाडच दिसत होतं. अण्णाजी निघाले. त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. विमलाबाईंचा उजवा पाय समोरच्या रबरी चटईवर घट्ट रोवलेला होता. तिथं पॅडल नव्हतं, काहीच नव्हतं, तरी त्या दाबून बसल्या होत्या.

तो उतार आला. सोयाबीन काढून झालं होतं, शेत रिकामं होतं. आणि खाली, जणू ठरवून आल्यासारख्या, शेळ्या रस्ता ओलांडत होत्या.

अण्णाजींनी ब्रेक दाबला. शेजारचा पायही चटईत रुतला. गाडी कळपापासून बऱ्याच अलीकडे, कुणाला धक्काही न देता उभी राहिली. शेळ्या आपल्या चालीनं जात राहिल्या. मागून एक लंगडी आली, तीही गेली. राखणदारीण गेली. रस्ता पूर्ण मोकळा झाला तरी अण्णाजी पॅडल धरूनच बसले होते.

विमलाबाईंनी चटईवरचा पाय उचलला आणि पिशवी नीट केली.

"सोडा आता," त्या म्हणाल्या.