वाटीभर पाणी

मेहकरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शरयूनं काचेच्या चंबूत पाणी उकळलं, पृथ्वीवर जीव यायच्या आधी असतील तसे वायू त्यात सोडले आणि आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. पाणी तपकिरी झालं. त्यात अमिनो आम्लं सापडली, म्हणजे जीव ज्या विटांनी बांधला जातो त्या विटा. घर नव्हे, नुसत्या विटा. पण प्राचार्यांना बातमी हवी होती आणि पेपरवाल्याला मथळा. सकाळी छापून आलं, 'मेहकरात बाटलीत जीव जन्मला.' शरयू खुलासा करायला निघाली, तर प्राचार्य म्हणाले, "कॉलेजचं नाव झालं मॅडम, आता गप्प बसा." बाई गप्प बसल्या आणि तिथंच फसल्या.

त्याच आठवड्यात जानेफळहून सोजराबाई आल्या. मागे सून डिंपल, डोक्यावर पदर.

"मॅडम, त्यातलं वाटीभर पानी द्या. सुनेची कूस उजवली नाही अजून."

"आजी, विष आहे ते."

"विष आहे तं जीव कसा झाला त्यात?"

सोजराबाई तंबाखू थुंकायला बाहेर गेल्या, तशी डिंपल कुजबुजली, "मॅडम, कोनतंई पानी द्या. नाही तं पोराचं दुसरं लगन लावून राह्यल्या त्या."

शरयूनं फिल्टरचं पाणी बाटलीत भरून दिलं. तिला लाजही वाटली आणि डिंपलचा चेहरा पाहून बरंही वाटलं.

दिवाळीनंतर सोजराबाई पेढे घेऊन आल्या. सुनेला दिवस गेले होते. मग काय विचारता, प्रयोगशाळेबाहेर बायांची रांग लागली. साधं पाणी होतं हो, असं शरयू घसा फोडून सांगत होती. बाया समजूतदारपणे माना हलवत होत्या आणि बाटल्या पुढे करत होत्या. शेवटी ती मागच्या दारानं घरी पळाली.

घरी सासूबाई, सिंधूताई, पितळी वाटी घेऊन उभ्या. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं, पण त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या घरात शरयूला तेवढाच काय तो मोकळा श्वास होता.

"आई, साधं पाणी होतं ते. फिल्टरचं."

"फिल्टरचं तं फिल्टरचं. डिंपलले लागू पडलं नं? मंग तूही पी. माह्यासमोर."

शरयूनं घरातल्याच फिल्टरखाली वाटी भरली आणि प्यायली. सासूबाईंनी देवाजवळचं कुंकू बोटावर घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या तारखेला लावलं आणि पुढचे महिने बोटांवर मोजले.