दोघांपुरती गाडी

गोरक्षरावांनी आधी डोकं आत घातलं, मग एक पाय, आणि मग उरलेला देह त्या बुटक्या गाडीत सोडून दिला. सीट इतकी खाली होती की आपण थेट जमिनीवरच बसलो असं त्यांना वाटलं. स्टिअरिंगला दोन्ही हात लावून ते थोडा वेळ तसेच बसले. मग मान वळवून त्यांनी मागे बघितलं. मागे सीट नव्हती. काचेला लागून हातभर रुंदीची फळी होती आणि तिच्यावर कुणाचा तरी विसरलेला हातमोजा पडला होता.

"मागे कोणी बसू शकत नाही ना?" त्यांनी विचारलं.

नाशकात द्वारकेला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या नौशादने हा प्रश्न आजवर उलटाच ऐकला होता. तो खिडकीशी वाकला.

"अंकल, खरं सांगतो. मांजर पण बसणार नाय."

"एखादी बारीक म्हातारी बाई? आडवी होऊन?"

नौशादला हसावं की नाही ते कळेना. "शौकाची गाडी आहे ही. शनिवार-रविवारची. पोरं घेतात, त्र्यंबक रोडला दोन चकरा मारतात, छप्पर उघडून फोटो काढतात. मग पार्ट मिळत नाय म्हणून आणून टाकतात माझ्या दारात. म्हणून तर स्वस्तात देतोय. तुम्हाला सांगतो, फॅमिलीसाठी बघत असाल तर ती पांढरीवाली बघा."

"नको. फॅमिली आहे आमच्याकडे," गोरक्षराव म्हणाले. मग आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून त्यांनी घाईने चेकबुक काढलं. त्यांनी घासाघीस केली नाही. नौशादलाच इतकं चुटपुटल्यासारखं झालं की त्याने आपणहून बॅटरी नवी टाकून दिली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सार्वजनिक वाचनालयात रोज दुपारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणारा, फोनवर 'हॅलो' म्हणण्याआधी घसा साफ करणारा हा माणूस. त्याने ती पिवळी, फूटभर उंचीवरून चालल्यासारखी दिसणारी गाडी म्हसरूळपर्यंत आणली तेव्हा सिग्नलवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोरक्षरावांचे कान तापले. पण शरमेपेक्षा भीती मोठी होती, म्हणून ते चालवत राहिले.

नवरात्रात एका दुपारी त्यांची बायको योगिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "दिवाळी झाली की मी माहेरी, कळवणला जाणार. दिनेशकडे. कायमची." आवाजात राग नव्हता. उद्या दळण आणायचंय, असं सांगावं तसं तिने सांगितलं. "घरात कधी सांगायचं ते मी बघेन. तुम्ही कोणाला बोलू नका." गोरक्षराव पेपर हातात धरून उभेच होते. तेवढ्यात भागाक्का मीठ न्यायला आत आल्या आणि बोलणं तिथेच संपलं.

त्यानंतर ते तिच्याशी एकटं बोलायला जागा शोधत होते. जागा नव्हती. पडल्यापासून आई त्यांच्याच खोलीत झोपत असे; त्या खोलीचं दार कितीतरी वर्षांत लावलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात अक्का. गच्चीवर भाडेकरूंची वाळवणं आणि वाळवणांशेजारी भाडेकरू. स्कूटरवर बसायला योगिनीला कंबरेमुळे डॉक्टरांनी मनाई केली होती. घरची मोठी गाडी होती, पण ती दारातून हलायच्या आत तिच्या सगळ्या जागा भरत. "जरा बाहेर जाऊन येतो," असं म्हटलं की अक्कांच्या, त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीच्या, पायात आधीच चप्पल असायची. 'अक्का, तू नको येऊस,' हे शब्द गोरक्षरावांनी मनात अनेकदा म्हणून बघितले होते. तोंडात ते कधीच पोचले नाहीत.

तिला एकदा गाडीत बसवायचं, गावाबाहेर न्यायचं आणि सांगायचं, जाऊ नकोस. एवढंच ठरलं होतं.

"अगं बाई," गाडीभोवती फिरून भागाक्का म्हणाल्या, "गोरख, ही गाडी आहे का चप्पल? पाय घालून बघायची?"

"म्हातारपणी पोरगं हिरो झालंय," आई दारातून म्हणाली. कुसाबाईंना दिसायचं कमी, पण पिवळा रंग दिसला. "लय भारी हाय रे. पयल्यांदा मी बसणार."

"आई, ती फार खाली आहे, तुझा गुडघा..."

"माझा गुडघा मला माहिती. मान माझा हाय."

चाकांखाली लिंबं ठेवली गेली. योगिनीने आरतीचं ताट धरलं, गाडीला कुंकू लावलं, आणि मग वाकून आत बघितलं.

"दोनच माणसं बसतात?"

"दोनच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिने आपल्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, ते गोरक्षरावांना आठवेना. मग तिने आईंना दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं. नवश्या गणपतीला जाऊन आल्यावर आईला बाहेर काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागला, पण आई खूश होती.

पुढच्या शनिवारी अक्कांची दाढ दुखत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी आईला कुणाच्या तरी बाराव्याला जायचं होतं. मग दिवाळी आली. अक्कांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्याच्या बायकोला छप्पर उघडून फोटो काढायचे होते. प्रत्येक वेळी गोरक्षराव किल्ली घेऊन खाली येत, योगिनीकडे बघत, आणि योगिनी एक पाऊल मागे सरून म्हणे, "आधी त्यांना नेऊन आणा." ती हे शांतपणे म्हणायची. भाऊबीज झाली. तुळशीचं लग्न झालं. घरातले कंदील उतरले. वाचनालयातल्या खुर्चीत बसून ते पुस्तकाचं एकच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मग एका शनिवारी सकाळी ते दाढी करत असताना योगिनी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. तिने इस्त्रीची साडी नेसली होती.

"आवरा. जाऊन येऊ."

"कुठे?"

"वणीच्या रस्त्याला लागू. छोटी गाडी काढा."

त्यांनी गालावरचा साबण अर्धवटच पुसला. खाली आले तर योगिनी आधीच गाडीत बसली होती, पायाशी कापडी पिशवी घेऊन. अक्का फाटकात शालीत उभ्या होत्या, पण काही बोलत नव्हत्या. अक्का बोलत नाहीत याचं नवल करायलाही गोरक्षराव थांबले नाहीत.

दिंडोरी मागे पडली. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, त्यांच्यावर धुकं. हीटर चालत नव्हता, छपराच्या फटीतून गार हवा आत येत होती. बोलायचं ते आता बोलायचं होतं. वणी यायच्या आत बोलू, असं त्यांनी ठरवलं. वणी आली. चहा घेऊ, मग बोलू, असं ठरवलं. टपरीवर चहावाल्याने गाडीभोवती गर्दी जमवली आणि "काका, किती पळते?" म्हणून विचारत राहिला. योगिनी हसली. गोरक्षरावांना इतका आनंद झाला की काय बोलायचं होतं तेच ते विसरले.

नांदुरीला सप्तशृंगी गडाचा फाटा आला. देवीला जायचं असेल, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यांनी वळायचा दिवा लावला.

"सरळ," योगिनी म्हणाली.

"गडावर नाही जायचं?"

"सरळ घ्या."

सरळ रस्ता कळवणला जातो. गोरक्षरावांनी दिवा बंद केला. थोडं पुढे जाऊन एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली. आता त्यांनी पिशवीकडे नीट बघितलं. ती फुगली होती. वर गोळ्यांचा डबा, वाचायचा चष्मा आणि तिची जाड शाल होती.

"आजच?"

"आजच."

"घरी माहीत आहे?"

"आईंच्या पाया पडले. अक्कांना काल सांगितलं, माहेरी जाते. म्हणाल्या, थांब, आम्हीपण येतो सोडायला, मोठी गाडी काढू." योगिनी किंचित हसली. "मी म्हटलं, ह्यांनी ही गाडी मग कशाला घेतलीय? तेव्हा गप्प बसल्या."

"आल्या असत्या त्या सोडायला, तर..."

"आल्या होत्या की. आठवत नाही तुम्हाला? दोनदा निघाले मी, अशीच कायमची. पहिल्यांदा सगळे आले सोडायला. दिनेशने आमरस केला, सगळ्यांना साड्या, टोप्या. आणि ऊन उतरल्यावर आई म्हणाल्या, चल गं, अंधार पडायच्या आत पोचू. सगळे गाडीत बसून माझी वाट बघत होते. इतक्या माणसांसमोर 'मी येत नाही' कसं म्हणायचं? बसले. दुसऱ्यांदाही तेच झालं."

गोरक्षरावांना तो आमरस आठवला. त्यांनी तिसरी वाटी घेतली होती. येताना गाडीत ते सगळ्यांना कुठलीशी गोष्ट वाचल्याचं सांगत होते, आणि योगिनी मागच्या सीटवर, आई आणि अक्का यांच्या मध्ये बसली होती.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"हो. नव्हतंच." ती समोरच्या काचेतून बघत होती. "पण ही गाडी दारात आली ना, दोनच माणसांची, तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, कळलं ह्यांना. तोंडाने काही बोलले नाहीत, पण बरोबर ओळखलं. कोणी सोडायला येणार नाही अशीच गाडी शोधून आणली." ती त्यांच्याकडे वळली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी काहीतरी केलंत. मला तेव्हाच म्हणायचं होतं तुम्हाला. घरात कुठे म्हणणार?"

गोरक्षरावांनी तिच्याकडे बघितलं. लग्नानंतर अगदी सुरुवातीला, ती कळवणहून आणलेली पुस्तकं फडताळात लावत होती, तेव्हा कधीतरी तिचा चेहरा असा दिसला असेल. त्यांनी तोंड उघडलं.

"काय?" योगिनीने विचारलं.

"नाही... तिकडून वारा लागतोय का?"

"लागतोय थोडा."

त्यांनी गळ्यातला मफलर काढला. तिच्या अंगावरून वाकून खिडकीच्या वरच्या फटीत तो बोटांनी नीट कोंबून बसवला. एक टोक लोंबत राहिलं, तेही आत सारलं. मग किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

थोड्या वेळात योगिनीची मान कलली. दिवसाउजेडी ती झोपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ओठ किंचित उघडे होते, हात मांडीवर मोकळे पडले होते. त्यांनी वेग कमी केला. मग अजून कमी केला. कळवण आता फार लांब नव्हतं; डावीकडच्या शेतांच्या पलीकडे घरं दिसू लागली होती.

मागून कांद्याच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि धडधडत त्यांना ओलांडून गेला. ट्रॉलीत उभी असलेली माणसं त्या पिवळ्या गाडीकडे बघून हसत होती. एकजण हात हलवून ओरडला, "ओ बाबा, पळवा की जरा!"

गोरक्षरावांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण केली. मग रस्त्याच्या अगदी कडेला येऊन त्यांनी गिअर आणखी एक खाली घेतला.