मेहुणा गोड बोलू लागला

माझा मेहुणा गवंडी. साइटवर त्याला करवत म्हणत, कारण एकदा वाद सुरू केला की समोरचा आरपार कापला जाईपर्यंत थांबत नसे. त्याच्याशी हुज्जत घालून वैतागलेला एक कावळा कायमचा गाव सोडून गेला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी धाकटी बहीण तर लग्न झाल्यापासून एकही वाद जिंकली नव्हती.

त्या दुपारी तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून खालच्या मुकादमाशी वाळूवरून भांडत होता. पायाखालची फळी सरकली. वर सुरू केलेलं वाक्य त्याने खाली पडून पूर्ण केलं. मध्ये श्वासही घेतला नाही, असं मुकादम आजही शपथेवर सांगतो.

मुकादमाने अपघात विभागात आणलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. बहीण पायाकडे बघतेय, मी पायाकडे बघतोय, आणि हाडांचे डॉक्टर तर सराफाने हिरा न्याहाळावा तसे वाकून बघतायत. तेवढ्यात तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पाय सरळ करून फळीला बांधायला लावला आणि वर चादर टाकली.

"या खोलीत बोंब मारणारी जखम शेवटी," त्या म्हणाल्या. "गप्प बसलेल्या आधी शोधायच्या."

मग मान, छाती, पोट, कंबर. एकेक तपासून बाई मोठ्याने सांगत गेल्या, आणि करवत प्रत्येक गोष्टीला हरकत घेत गेला.

"डावीकडच्या दोन बरगड्या मोडल्यात."

"एक. दुसरी आधीपासूनच वाकडी आहे."

पोटाची सोनोग्राफी झाली. त्यात काही दिसलं नाही. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी नाही सोडला. "लक्ष ठेवा," असं नर्सला बजावून त्या पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

थोड्या वेळाने करवत शांत झाला. नर्सला म्हणाला, "तुम्हाला फार त्रास देतोय मी." मग बहिणीचा हात हातात घेतला. "अगं, तुझंच बरोबर होतं. स्वयंपाकघराला पिवळाच रंग द्यायला हवा होता."

बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, यांचं काहीतरी बिघडलंय."

"इंजेक्शनने दुखणं कमी झालं असेल," नर्स म्हणाली. "चांगलंय की, शांत पडलेत."

बहीण धावत बाईंकडे गेली. "डॉक्टर, चला लवकर. यांनी माझं ऐकलं."

हाडांचे डॉक्टर फिसकन हसले. बाई हसल्या नाहीत. "एरवी कसे असतात?"

"एरवी मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी पुरावा मागतात."

बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. गार घाम. नाडी चौखूर उधळलेली, ब्लडप्रेशर उतरणीला लागलेलं. "मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस बदलतो," त्या म्हणाल्या. "कोणी पिसाळतो, कोणी असा गोड होतो. सोनोग्राफी परत करा."

मघाशी कोऱ्या असलेल्या पडद्यावर आता काळा पट्टा दिसला. मोडक्या बरगड्यांखाली प्लीहा फाटली होती आणि पोटात गुपचूप रक्त साठत होतं. स्ट्रेचर असं पळालं की भिंतीवरची कॅलेंडरं उडाली.

ऑपरेशन थिएटरबाहेर बहीण भिंतीला टेकून बसली. "दादा, मला नकोय तो पिवळा रंग," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला, आयुष्यभर थापा मारत आलेल्या माणसाला, तिच्यासाठी एक थाप सुचेना.

बाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला. "प्लीहा काढून टाकावी लागली. रक्त थांबलंय. आणखी उशीर झाला असता तर हाताशी काही लागलं नसतं. वाचले ते."

बहीण उठली आणि बाईंच्या गळ्यात पडली. तीही रडली, मीही. मुकादम डोळ्यांत वाळू गेली म्हणाला.

मग हाडांच्या डॉक्टरांना त्यांचा हिरा मिळाला. त्यांनी पायात सळई घातली आणि निकाल दिला, "चालाल. पण जिने चढायला वेळ लागेल. घाई नको."

हे करवतला सांगायला नको होतं. हाडं जुळल्यावर व्यायामाच्या बाईंनी त्याला चार पायऱ्या चढायला सांगितल्या. तो "चारच का?" म्हणाला आणि चढतच राहिला. मागे व्यायामाच्या बाई, त्यांच्यामागे बहीण, मग "अहो, थांबा" करत हाडांचे डॉक्टर. प्रत्येक मजल्यावरचे पेशंट दारात येऊन टाळ्या वाजवत होते. बेशुद्ध होते तेसुद्धा, मी सांगतो ना.

गच्चीवर पहिला पोचला तो करवत. घामाघूम, पण ताठ उभा. डॉक्टर शेवटच्या पायरीवर धापा टाकत बसले होते. त्याने आपली कुबडी त्यांच्या पुढ्यात धरली.

"घ्या डॉक्टर," तो म्हणाला. "उतरताना लागेल."