घसरगुंडी कुणाची

बिस्किटांचा कारखाना बंद पडला तेव्हा सुपरवायझर बावन्न वर्षांचे होते, आणि देखरेख करायला त्यांच्याकडे आता फक्त घरातला फ्रिज उरला होता. बायको कामावर गेली की ते फ्रिज उघडत, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघत आणि लावून टाकत. असे काही महिने गेल्यावर एका सकाळी चपला घालता घालता बायकोने विचारलं, "अहो, आज कुठे अर्ज करणार, की अंडीच मोजणार?" बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सुपरवायझरांना बरं वाटलं असतं.

रविवारी मेहुणा आला. मेहुणा जाहिरातीच्या धंद्यात होता. लोक मुळात किती चांगले आहेत हे त्यांचं त्यांनाच पटवून देण्याचा तो मोबदला घेई.

"भावजी, प्रोफाइल नाही म्हणजे तुम्ही नाहीच," लॅपटॉप उघडत तो म्हणाला. "मेलेल्या माणसांचीसुद्धा प्रोफाइलं असतात. तुम्ही धडधाकट असून बेपत्ता."

"बायोडेटा आहे की. टाइप केलेला."

"तो जपून ठेवा. म्युझियमवाले मागायला येतील."

आधी फोटो. समोरचा माणूस पापणी लवायच्या आत आपलं मत बनवतो, असं मेहुण्याचं म्हणणं. सुपरवायझर हसताहेत असा एकच फोटो सापडला, तोही कारखान्याच्या निरोपाच्या दिवशीचा. त्यात शेजारी उंटराव उभा होता. उंटराव म्हणजे कारखान्याचा फिटर. अंगाने ताडमाड, मान पुढे काढून चालणारा. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं आणि त्याची त्यालाही तक्रार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत दोघं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसले होते. मेहुण्याने उंटरावाला फोटोतून कापून काढलं. त्याची चार बोटं मात्र सुपरवायझरांच्या खांद्यावर राहिली.

"ही कुणाची रे?" बायकोने वाकून विचारलं.

"आता कुणाचीच नाहीत," म्हणत मेहुण्याने तीही पुसली. "हं. आता सांगा भावजी, इतकी वर्षं तिथे काय केलंत?"

"पॅकिंग बघितलं."

"बघितलं नाही. नेतृत्व केलं. आणखी?"

सुपरवायझर विचारात पडले. खरं तर त्यांनी काहीही बिघडू दिलं नव्हतं. पण न बिघडलेल्या गोष्टी लिहायच्या कशा? शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडे बिस्किटं फार तुटायची. भट्टीतून एका पट्ट्यावर यायची आणि तिथून खालच्या पट्ट्यावर पडायची. पडली की चुरा. मग मधे पत्र्याची एक घसरगुंडी बसवली आणि खालचा पट्टा जरा सावकाश केला. चुरा निम्म्यावर आला."

मेहुणा खुर्चीतून उठलाच. "आणि हे आत्ता सांगताय! डोकं तुमचं?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको हात पुसत उभी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नवऱ्याकडे जशी बघायची, तशी आत्ता बघत होती.

"माझ्याच सेक्शनमध्ये झालं," सुपरवायझर म्हणाले.

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. घसरगुंडी उंटरावाने बसवली होती, भंगारातला पत्रा वाकवून, कुणालाही न विचारता. सुपरवायझर तेव्हा तिथे होते, हेही खरं. ते ओरडत होते. "चालत्या लाईनला हात कुणी लावला?" असं विचारून त्यांनी मेमो द्यायची धमकीही दिली होती. पण एवढा तपशील मेहुण्याने मागितला नव्हता.

मेहुण्याने टाइप केलं: 'पॅकिंग लाईनची नवी रचना स्वतः आखली व राबवली. तूटफूट निम्म्यावर.' सुपरवायझरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांना त्या माणसाला नोकरी द्यावीशी वाटली.

तशी ती आणखीही कुणाला तरी द्यावीशी वाटली. महिनाही झाला नव्हता तोच दुसऱ्या एका बिस्किट कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं.

तिथल्या मॅनेजरबाई वयाने लहान आणि बोलायला लाघवी होत्या. काचेच्या केबिनमध्ये सुपरवायझरांना बसवून त्या म्हणाल्या, "तुमचा फोटो बघितला आणि म्हटलं, हा माणूस आपला. मुलाखत म्हणजे नुसता उपचार. बरं, एक गंमत दाखवू?"

त्यांनी स्क्रीन फिरवला. त्यावर दुसरंच एक प्रोफाइल होतं. फोटोच्या जागी नुसती करड्या डोक्याची आकृती. खाली दोन ओळी: 'फिटर. बिस्किटांच्या पट्ट्यावर घसरगुंडी बसवली, चुरा कमी झाला.'

"तुमची सरळ नक्कल मारलीय बघा. कारखानाही तुमचाच लिहिलाय. ओळखता याला?"

सुपरवायझरांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. सांगायचं असतं तर जागा हीच होती, आणि खरं एका वाक्यात मावलंही असतं. पण बायको दारातून बघत होती तशी त्यांना समोर दिसली.

"ओळखतो," ते म्हणाले. "चांगला माणूस आहे."

"तुमचं मन मोठं आहे. मी त्याला मुद्दाम बोलावलंय, तुमच्यानंतर. चेहरा तरी बघू."

सुपरवायझर बाहेर आले तर समोरच्या ठेंगण्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, इस्त्रीच्या शर्टात उंटराव बसला होता.

"अरे साहेब! तू इथे?" तो ताडकन उठला. "मला वाटलं, तुझं कधीच कुठेतरी जमलं असेल. माझं पोरीने ते प्रोफाइल का काय करून दिलं. फोटो टाकू म्हणाली. म्हटलं, नको बाई, थोबाड बघितलं तर कोण बोलावणार? नुसती घसरगुंडी टाकली. आठवते ना? काय ओरडला होतास माझ्यावर!"

"आठवते."

"मग झालं तर. आत विचारलंच तर साक्षीला तुझंच नाव सांगतो. तू होतास की समोर."

"अरे, जरा ऐक—"

पण शिपायाने हाक मारली, आणि उंटराव मान वाकवून दारातून आत गेला.

काचेतून आवाज येत नव्हता. बाईंनी स्क्रीन फिरवलेला दिसला. उंटराव सुपरवायझरांचं प्रोफाइल वाचत होता. दोन ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागतो? मग त्याने मान वळवून काचेतून बाहेर पाहिलं. सुपरवायझरांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं वाचायला घेतलं. बाई बराच वेळ काहीतरी बोलल्या. उंटरावाने एकदा मान हलवली.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाची इस्त्री तशीच होती.

"काय म्हणाल्या?"

"फिटरची जागा आहे म्हणाल्या. पण नक्कल केली हे कबूल केलं तरच. खोटं बोलणारा माणूस त्यांना नको आहे."

"मग?"

"मग केलं कबूल." उंटराव शांतपणे म्हणाला. "घरी बसून बसून पोरीच्या तोंडाकडे बघवत नाही रे. तुझ्याच हाताखाली घेतायत. पुन्हा."

त्याने शिवी दिली नाही. सुपरवायझर वाट बघत होते, पण त्याने ती दिली नाही. तेव्हा त्यांनी मागचापुढचा विचार न करता केबिनचं दार ढकललं.

"मॅडम, घसरगुंडी त्याची आहे. सगळी त्याची. मी तर ती काढायला लावत होतो. मेमो देणार होतो मी त्याला! प्रोफाइलमधलं ते वाक्य खोटं आहे."

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे किंचित भरून आले होते.

"बघा," त्या म्हणाल्या, "हाताखालच्या माणसाची अब्रू वाचावी म्हणून स्वतःवर एवढं ओढवून घेणारे लोक आता राहिले कुठे?"

"नाही हो मॅडम, खरंच सांगतोय."

"कळतंय मला. फोटोतच दिसत होतं ते. सोमवारी या."

सुपरवायझर बाहेर आले. उंटराव जिन्यापर्यंत पोहोचला होता.

"मी सांगितलं," सुपरवायझर मागून म्हणाले. "खरं काय ते सगळं सांगितलं."

"मग?"

"त्यांना मी आणखीच आवडलो."

उंटराव थांबला. तो हसेल असं वाटलं, पण हसला नाही. "सोमवारी भेटूच मग, साहेब," तो म्हणाला, आणि या खेपेला साहेब हा शब्द त्याने चेष्टेत उच्चारला नव्हता. तो लांब लांब टांगा टाकत जिना उतरून गेला. जरा हळू चाल, असं ओरडून सांगावं म्हणून सुपरवायझरांनी तोंड उघडलं, पण आता तोही साहेबाचा हुकूमच ठरला असता.