मानेवरचा अंगठा

"अंगठा काढू नका," सिस्टर म्हणाली.

काकूंना तो काढायचाच नव्हता. काचेच्या दुकानापासून अपघात विभागापर्यंत त्यांनी तो काकांच्या मानेवर दाबून धरला होता, आणि रिक्षावाल्याला रस्ताही त्यांनीच सांगितला होता.

खिडकीची काच कापताना तडकली आणि सुरीसारखा एक तुकडा काकांच्या मानेत घुसला. काकूंनी तो उपसला. दुकानात वर्षानुवर्षं हेच चालत आलं होतं. काचेचं कुसळ बोटात गेलं की काका दुसरीकडे बघत हात पुढे करायचे. काकू पर्समधल्या चिमट्यानं ते काढायच्या, वर चार शब्द सुनावायच्या. आज तुकड्यामागून रक्ताची चिळकांडी आली.

मानेत रुतलेलं काढायचं नसतं, तेच भोक बुजवून बसलेलं असतं, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. जखम इथे उकरायची नाही, थेट ऑपरेशन, असं ठरलं. त्यांनी काकांना नाव विचारलं. आवाज घोगरा आला, पण आला. मग बोलायची बंदी.

"ऐकलंत ना? गप्प पडून राहा," काकू म्हणाल्या. "जन्मात एकदा तरी ऐका माझं."

काका डोळ्यांनी हसले.

स्ट्रेचरबरोबर काकू वाकून चालत राहिल्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टरनं हातमोजा घातलेली बोटं टेकवली, दाब दिला, आता सोडा म्हणाली. काकूंना सोडवेना. सिस्टरनंच तो अंगठा हलकेच बाजूला सरकवला. बाहेरच्या बाकावर बसल्यावरही तो वाकलेलाच राहिला.

शीर फाटली होती, ती शिवली. श्वासनळी वाचली, असं दुपारी कळलं. संध्याकाळी काकूंना आत सोडलं. काकांच्या मानेला जाड पट्टी होती. बोलायचं अजूनही नव्हतंच.

"काच मी उपसली," काकू म्हणाल्या. "तशीच राहू द्यायला हवी होती. जिवावर बेतलं तुमच्या, माझ्या हातानं."

काकांनी ऐकून घेतलं. मग खिडकीकडे बघत त्यांनी चादरीखालून हात काढला आणि पुढे केला. तर्जनीच्या टोकाला सकाळचं एक कुसळ चमकत होतं.

काकूंनी पर्समधला चिमटा काढला. पण आधी सिस्टरकडे बघितलं.