तिन्हींचं नाव टोंगा

तिसरा नमुना अर्धाही झाला नव्हता, तोच शिंपिणीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, नमुन्यावरच्या "बोलणं असंबद्ध" या शेऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हिला वेडी कोण म्हणालं?"

कानसेन कपात चहा ओतत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "जेवढं लागतंय तेवढं सांगा. तुटक असलं तरी चालेल."

"तुटक? अहो, तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ बोलतेय ती!" शिंपीण खुर्चीच्या टोकावर आली. "म्हणतेय, माझी पोर चौकीदाराच्या खोलीत आहे. तिच्या अंगात ताप आहे. मी औषध आणायला निघाले होते. आधी तिला घेऊन या, मग माझं काय करायचं ते करा. एकच गोष्ट चारचारदा सांगतेय, कारण समोरच्या दगडांना कळत नाहीये. मीपण ओरडले असते."

चहा कपाबाहेर गेला, बशीतून टेबलावर आला. कानसेनचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. हे ऑफिस दुभाषी पुरवायचं. इस्पितळात, चौकीत, कोर्टात कुणाचं बोलणं कुणालाच कळेनासं झालं, की ते ध्वनिमुद्रित होऊन इथे येई. कानसेनने ते ऐकायचं, भाषा कुठली ते ठरवायचं आणि त्या भाषेचा दुभाषी धाडायचा. आफ्रिकेतल्या भाषांचा विभाग पहिल्यापासून त्याच्याकडे होता. नुसत्या खोकण्यावरून माणसाचा गाव सांगेल, अशी त्याची चेष्टा चाले, आणि ती चेष्टा त्याला मनापासून आवडे. कशाला खोटं बोला, अंगावर मूठभर मांस चढायचं त्याच्या!

नव्याने नाव नोंदवायला आलेल्या दुभाष्याला त्याच्या भाषेचे तीन जुने नमुने ऐकवायचे, ही ऑफिसची पद्धत. शिंपिणीचं शहरात कपडे बेतायचं दुकान होतं. भाषा विचारली तर "टोंगा" म्हणाली, म्हणून टोंगा या नावाखाली ठेवलेले तीन नमुने त्याने लावले. पहिले दोन ऐकून तिने नाक मुरडलं होतं.

"हे आमचं नाही. हे नदीच्या खोऱ्यातल्यांचं. आम्ही तलावाकाठचे. नाव एक असलं म्हणून काय झालं? त्यांचं त्यांना लखलाभ."

आता हे कानसेनला ठाऊक नव्हतं असं नाही, हेच तर दुखणं होतं. टोंगा नावाची एक भाषा नदीच्या खोऱ्यात, एक तलावाकाठी आणि आणखी एक थेट आफ्रिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर. तिन्ही लांबच्या चुलत बहिणी, पण एकीचं दुसरीला समजत नाही. ऑफिसात नवं माणूस आलं की तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "नावावरून भाषा ठरवायची नाही. नाव काय, कुणीही लावतो."

आणि तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच ती नावावरून ठरवली होती. तिसऱ्या नमुन्यातली बाई रस्त्यात आरडाओरडा करताना सापडली म्हणून इस्पितळात आणली गेली होती. भाषा कुठली विचारल्यावर छातीवर हात ठेवून "टोंगा" म्हणाली होती. नमुन्यात "माणूस" आणि "मूल" हे दोन शब्द त्याच्या ओळखीचे निघाले आणि स्वारी खूश झाली. त्याने बसचालकाला बोलावलं. चालक नदीच्या खोऱ्यातला, सुट्टीच्या दिवशी दुभाष्याचं काम करायचा, सज्जन माणूस. त्याने दोनदा ऐकून डोकं खाजवलं होतं.

"भाषा आमचीच वाटते, साहेब. मधूनमधून शब्द लागतात. पण मोडलीय पार. मूल, मूल करते आणि पुढे भलतंच काहीतरी."

बाई अगदीच परक्या भाषेत बोलली असती तर चालकाने सरळ हात वर केले असते आणि दुसरा दुभाषी शोधला गेला असता. चार-पाच शब्दांत एक ओळखीचा निघाला, तिथेच सगळं नासलं. भाषा आपलीच, पण बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं. कानसेनने इस्पितळाला कळवलं: भाषा टोंगा, बोलणं असंबद्ध. मग जेवायची वेळ झाली म्हणून तो जेवायला गेला होता.

"काय हो, बरं वाटत नाहीये का?" शिंपिणीने विचारलं.

"मी आलोच," म्हणून तो उठला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेला.

मोठ्या बाई ऑफिसच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मुद्दाम केलंस का तू?"

"मुद्दाम कोण करेल?"

"मग झालं तर. या बाईंना गुपचूप इस्पितळात पाठवून दे. नवीन दुभाषी मिळाली म्हणावं. जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"तिची मुलगी आहे, बाई. त्या मुलीचं काय झालं ते तरी बघायला हवं."

मोठ्या बाईंनी फोन त्याच्याकडे सरकवला. इस्पितळातली समाजसेविका फोनवर मोकळेपणाने बोलली, तिला बिचारीला काय माहीत! हो, बाई अजून वॉर्डातच आहे. बोलत नाही आता, पहिलं वर्षभर बोलायची. मुलगी चौकीदारानेच बालगृहात पोचवली होती. ती हिचीच हे पुढे कळलं, पण तोवर तुमचा अभिप्राय आला होता. अशा आईकडे मूल कसं देणार? मुलगी एका कुटुंबात आहे, छान रुळलीय. कायमची त्यांच्याकडे द्यायचं प्रकरण याच महिन्यात निकालात निघतंय. का हो, काही विशेष?

"विशेष आहे," कानसेन म्हणाला. "ती बाई वेडी नाही. चूक माझी आहे. ते प्रकरण थांबवा."

घरी त्याची मोठी बहीण होती. दोघांपैकी कुणाचंच लग्न टिकलं नव्हतं, म्हणून दोघं एका छपराखाली राहत. ताईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे आणि तो "हं हं" करत पेपर वाचे. त्या संध्याकाळी त्याने पेपर उघडलाच नाही तेव्हा ताईने ओळखलं. ताट वाढता वाढता तिने सगळं काढून घेतलं.

"कानसेन म्हणे!" ती म्हणाली. "घरात मी घसा कोरडा करते तर तुझ्या कानात बोळे. मला वाटायचं, जाऊ दे, बाहेर तरी ऐकत असेल."

"ताई, आज नको गं."

"आज नको तर कधी? अरे, एका आईचं पोर गेलं तुझ्या फुशारकीपायी." मग ताट त्याच्यापुढे सरकवून ती समोर बसली. "दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. स्वतः जा आणि तिच्यासमोर उभा राहा. थुंकली तोंडावर तर पुसू नकोस."

तो ताटावरून उठला. ताईनेही त्याला जेवायचा आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शिंपिणीला घेऊन इस्पितळात गेला. वॉर्ड लांबलचक होता, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. खिडकीखालच्या शेवटच्या खाटेवर बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस बारीक कापलेले, अंगात दोन मापं मोठा झगा. "ही आमची मुकी राणी," नर्स म्हणाली. "त्रास नाही हो काही. सांगाल तिथे बसते."

शिंपीण खाटेच्या कडेला बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. दोन वाक्यं असतील. बाई हलली नाही. शिंपिणीने परत तेच सांगितलं, मग आणखी काही. बोलता बोलता ती बाईच्या झग्याची उसवलेली बाही बोटांनी जुळवत होती, सवयच तिला.

बाईने आधी त्या बोटांकडे पाहिलं. मग शिंपिणीच्या तोंडाकडे, म्हणजे थेट ओठांकडेच, बहिऱ्या माणसासारखं. तिचा जबडा हलला, पण आवाज फुटेना. नर्सने पाणी आणलं. ते प्यायल्यावर घशातून खरखर आली आणि त्या खरखरीतून एक शब्द निघाला. कानसेनला तो ओळखता आला. मूल.

"विचारतेय, ताप उतरला का?" शिंपीण म्हणाली, आणि तळहाताने डोळे पुसत राहिली.

कानसेन पुढे झाला. रात्रभर जुळवलेलं सगळं त्याने बोलून टाकलं: तुमचं बोलणं मी चुकीच्या माणसाकडे पाठवलं, तुम्ही शहाण्या आहात हे कुणाला कळलं नाही ते माझ्यामुळे, मला क्षमा मागायचंही तोंड नाही. शिंपिणीने शब्दन् शब्द सांगितला. बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. राग नाही, काही नाही. पाट्या बघून रस्ता शोधावा तसं तिने त्याचं तोंड न्याहाळलं आणि शिंपिणीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?"

"या माणसाने माझ्या मुलीला पाहिलंय का?"

"नाही," कानसेन म्हणाला.

एवढं ऐकल्यावर बाईला त्याच्यात काही गोडी उरली नाही. ती शिंपिणीचा हात धरून भडाभडा बोलू लागली. तो खाटेच्या पायथ्याशी उभाच राहिला. थुंकली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

प्रकरण थांबलं, पण निम्मंच. डॉक्टरांनी बाईला पुन्हा तपासून शहाणी ठरवलं. मोठ्या बाईंनी कानसेनला ठपक्याचं पत्र दिलं, वर "तूच ओढवून घेतलंस" हेही ऐकवलं. चालकाला समजलं तेव्हा तो ऑफिसच्या पायरीवर डोकं धरून बसला आणि पुन्हा कधी दुभाष्याचं काम घेतलं नाही. मुलीचं मात्र घाईने काही करता येणार नव्हतं. तिच्या लेखी आई म्हणजे ती आता राहते त्या घरातली बाई. आधी भेटी होऊ देत, मग बघू, असं बालकल्याणच्या अधिकाऱ्याने सांगितलं.

पहिल्या भेटीला दुभाषी हवीच होती. शिंपीण आली, आणि नियमाप्रमाणे ऑफिसचा माणूस म्हणून कानसेनही आला. खोलीत एक गोल टेबल आणि खेळण्यांची टोपली होती. आईने शिंपिणीने शिवलेला नवा पोशाख घातला होता. पलीकडून मुलगी आली, सहा वर्षांची, पाठीवर शाळेचं दप्तर. दारातच थबकली.

आई गुडघ्यांवर बसली आणि बोलू लागली. हळू, मऊ आवाजात, मध्ये हसत. तीन वर्षं साठवलेलं सगळं एकदम द्यायचं असल्यासारखी ती बोलत होती. मुलीने नीट ऐकून घेतलं. शहाणी, वळण लावलेली पोर. मग ती शिंपिणीकडे वळली.

"ही काय म्हणतेय?"

शिंपिणीने सांगितलं. "म्हणतेय, तू केवढी मोठी झालीस. रात्री मी गाणं म्हटल्याशिवाय तू झोपायची नाहीस, आठवतं का?"

मुलीने मान हलवली. "नाही. तिला सांगा, मला आता एकटीला झोपता येतं."

शिंपिणीने ते आईला सांगितलं. आई उठून खुर्चीवर बसली आणि पुन्हा बोलायला लागली, पण आता मुलीकडे पाहून नाही. ती शिंपिणीकडे बघून बोलत होती, आणि मुलगीही उत्तर द्यायला शिंपिणीकडेच बघत होती. लोक असं करतात. दुभाष्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघून बोला, हे त्यांना समजावणं कानसेनचंच काम होतं. इतक्या वर्षांत त्याने ते हजारदा सांगितलं असेल.

त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.